बदली मास्तरांची खुर्ची

"बाबा, तोंड बघून माणसाच्या मनातलं ओळखता म्हणे तुम्ही. खरं का?"

शिगवण मास्तरांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

खाडीकाठच्या त्या मठात मी दिव्यासाठी तेलाचा डबा पोचवायला गेलो होतो. दुकानात बसून बसून मला एवढं कळलंय, की पायरी चढायच्या आधीच भाव विचारणारं गिऱ्हाईक कुठूनतरी भाजून आलेलं असतं. म्हणून तेल ओतता ओतता मी कान तिकडे लावला.

सोमगिरीबाबा वाती वळत बसले होते.

"ये. बस."

मास्तरांनी चटईचा कोपरा उचलून खाली बघितलं. चटई उलटी केली. झटकली. पुन्हा सुलटी केली... आणि शेवटी उभेच राहिले.

"मला ती विद्या शिकवा. उद्या शाळा भरायच्या आत हवी."

"एवढी घाई?"

"जोगळेबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. त्यांच्या आठवी 'ब'वर मला बदली शिक्षक म्हणून घेतलंय. अशा कितीतरी शाळा फिरलोय मी. परका वर्ग कसा धरायचा, हे मला कुणी सांगायला नको. पण हा वर्ग..." मास्तरांनी आवाज खाली आणला. "हा वर्ग गप्प बसतो."

"मग?"

"मग काय? आठवीची पोरं, समोर नवा मास्तर, अन् गप्प? काहीतरी शिजतंय, बाबा."

"आजवर झालं काय?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय मी!"

मला हसू फुटलं.

"हसू नका शेठ," मास्तर माझ्याकडे वळले. "तुमच्या गादीवर कुणी खाजकुयली टाकली नाही अजून. मागच्या शाळेत एक गोड पोरगा रोज माझी खुर्ची पुसायचा. त्यानंच टाकली. खाज जिरावी म्हणून आठवडाभर अंगाला शेण चोळून पडवीत बसलो होतो. गाव बघायला येत होतं."

मी हसू आवरलं. डब्याचं झाकण लावत बसलो.

"अन् इथंही तसलीच एक आहे," मास्तर बाबांना म्हणाले. "सुगंधा. पहिल्या बाकावरची. मी वर्गात पाऊल टाकायच्या आत आपल्या ओढणीनं खुर्ची पुसून ठेवते. मी सांगितलेलं नाही! का पुसतेस विचारलं, तर नुसती हसते."

"खुर्चीत काय निघालं?"

"बसतोय कोण त्या खुर्चीत! दिवसभर उभा असतो मी. पाय बघा कसे सुजलेत. उद्या प्रार्थना झाली की हेडमास्तरांच्या कानावर घालणार आहे. ते तिच्या बापाला बोलावतील. बाप तसाही तिला शाळेतून काढून कोलंबी सोलायला पाठवायला टपलेलाच आहे..."

मास्तर थांबले. बाहेर बघू लागले.

"म्हणून म्हटलं, आधी खात्री करून घ्यावी. तुम्ही तिचं तोंड बघून सांगा. नाहीतर मला शिकवा."

बाबा वात वळत राहिले.

"फळ्यावर कसा लिहितोस?"

"म्हणजे?"

"उभा कसा राहतोस?"

"तिरका. वर्गाकडे पाठ करायला मी काय खुळा आहे? एक डोळा खडूवर, एक डोळा पोरांवर."

"त्यांना दिसतं लिहिलेलं?"

"अर्ध्यांना माझा खांदाच दिसत असणार. पण 'सर, जरा बाजूला व्हा' असं एकानं म्हणावं? नाव नाही! आता तुम्हीच सांगा, का म्हणत नाहीत?"

बाबांनी पुढची वात घेतली.

मला आमचे लांजेकर अण्णा आठवले. सामान घ्यायला आले, की काट्यावरची नजर हलवत नाहीत. ते समोर असले, की माझा हात जड होतो. माप खरं असूनही चोरी करतोय असं वाटत राहतं, आणि एरवी टकळी चालू असलेल्या माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बाबांनी अंगावरची छाटी बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"मास्तर, पाठ खाजतेय. हात पोचत नाही. बघ जरा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी माझे तेलकट हात वर करून दाखवले.

"मी?"

"तूच तेवढा उभा आहेस."

मास्तर पुढं झाले. दोन बोटांनी, अंतर राखून, खाजवू लागले.

"खाली... अजून खाली. डावीकडे... हां."

वाती वळणं चालूच होतं.

"बाबा, हात धुतलेले नाहीत माझे."

"बरं."

"झुडपांतून आलोय. कुंपणावर जिकडेतिकडे खाजकुयलीच्या शेंगा लोंबतायत."

"असतील."

"माझ्या हाताला काय लागलंय, तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. मी कोण, कुठला, आज पहिल्यांदा येतोय..."

"नाही बघितलं."

"अन् आग उठली अंगभर, तर?"

"उठेल."

मास्तरांचा हात थांबला.

समोर बाबांची उघडी पाठ. म्हातारी, सुरकुतलेली, उन्हानं रापलेली... कुणीही काहीही करावं अशी. खाडीत कुणीतरी होडी वल्हवत होतं, तेवढाच आवाज.

मग हात पुन्हा चालू लागला. या खेपेला पाचही बोटांनी.

मास्तर खाली कधी बसले, ते मलाही कळलं नाही. चटई मात्र त्यांनी झटकली नव्हती.

खाजवता खाजवताच त्यांनी विचारलं, "बाबा... मग त्या मुलीचं काय करू?"

बाबा वळले नाहीत.

"उद्या फळ्याकडे तोंड करून लिही."