म्हशीचे सतरा दोष

“आणि हिचं नाक? हिच्या नाकाबद्दल तरी बोला ना, मास्तर!”

तांबोळी मास्तर शाळेच्या मैदानावर लिंबाच्या सावलीत पोतं टाकून पान्यांना तेल लावत होते.

समोर दोन विमानं उभी होती. दोन्ही हवाई दलातून निवृत्त झालेली, माजी सैनिक संघानं खटपट करून बोरगेवाडीच्या शाळेसाठी आणलेली. एक लढाऊ, चिंचोळं, टोकदार. त्याला सगळे बाण म्हणत. दुसरं सामान वाहणारं, दोन पंख्यांचं, पोट सुटलेलं. त्याचं नाव म्हैस पडलं होतं.

विचारणारा रणधीर जाचक. पुण्यात नोकरी, गळ्यात कॅमेरा, आणि नभांगण मंडळ नावाच्या विमानवेड्यांच्या टोळक्याचा अध्यक्ष. दोन वर्षं तो दर रविवारी मोटारसायकलवरून मास्तरांकडे शिकायला येत होता.

मास्तरांनी एकतीस वर्षं हवाई दलात विमानं दुरुस्त केली होती. रणधीरनं तितकीच वर्षं विमानांचे फोटो पाहिले होते. आपल्याला थोडं जास्तच कळतं, अशी त्याची मनोमन खात्री होती.

या विमानवेड्या लोकांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे हे नाकावरून ठरवतात आणि कारणं मागाहून गोळा करतात. वर आव असा की सगळं मोजून-मापून बोलतोय.

“उद्या सकाळी चारशे पोरं येणार आहेत,” रणधीर म्हणाला. “फीत कापणार, पोरं विमानात चढणार, फोटो छापून येणार. आणि त्या फोटोत ही! मंडळाची पुण्यातली माणसं मला हसतात, मास्तर. म्हशीचं गाव म्हणतात.”

“मग?”

“मग काय? हिला इथून काढायची. भंगारात द्यायची. संघाची माणसं तुमच्या सहीशिवाय हलत नाहीत, म्हणून आलोय.”

मास्तरांनी एक पाना उन्हात धरून पाहिला.

“हिचं काय वाईट हाय?”

“काय चांगलं आहे? बैलगाडीसारखी हळू चालायची. आवाज गिरणीचा. कधी एक गोळी झाडली नाही हिनं!”

“आणि बाण?”

रणधीरचा चेहराच बदलला. “बाण म्हणजे बाण. त्याला हात लावायलासुद्धा छाती लागायची.”

“उतरताना लई तरास द्यायचा तो. लई पोरांना घाबरवलं त्यानं.”

“स्वभावच तसा त्याचा! कुणाचं ऐकून घ्यायचा नाही.”

“आणि म्हैस कुठंबी उतरायची. नांगरल्या रानात सुद्धा.”

“तेच म्हणतोय मी. गावंढळ!”

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते काही खोटं नाही. बाण अडला तर तो मानी, आणि म्हैस चालत राहिली तर ती गावंढळ.

मास्तर गालातल्या गालात हसले. त्यांची नजर रणधीरच्या पाठीवरच्या पिशवीकडे गेली. पिशवीच्या साखळीला एक लाल फीत लोंबत होती.

“हे काय रं?”

“ही?” रणधीरनं फीत अभिमानानं पुढं ओढली. विमान जमिनीवर उभं असताना त्यात ज्या पिना अडकवून ठेवतात, त्यांना अशी लाल फीत असते, लांबून दिसावी म्हणून. विमानवेडे तसल्या फिती बाजारातून आणून किल्ल्यांना लावतात. “बाकीच्यांच्या नकली आहेत. माझी अस्सल आहे, पिनेसकट. बाणाची आठवण म्हणून ठेवलीय.”

“कधी काढलीस?”

“गेल्या महिन्यात. पुसता पुसता दिसली.”

…

मास्तरांनी पाना खाली ठेवला. बराच वेळ ते बाणाकडे बघत राहिले.

“सही कशावर करायची?” त्यांनी शेवटी विचारलं.

रणधीरनं खिशातून घडी केलेला कागद काढला. वर मोठ्या अक्षरात ‘धोकादायक विमान हटवणेबाबत’ असं लिहिलं होतं. खाली दोष ओळीनं मांडले होते. सतरा.

मास्तरांनी चष्मा लावला. पंख्याला दोरी नाही, वाऱ्यानं फिरतो. शिडीची तिसरी पायरी डुगडुगते. दाराजवळचा पत्रा उचकटलेला, हात कापेल. डाव्या पंखाखाली गांधीलमाश्यांचं पोळं. चाकापुढचं लाकूड कुजलेलं…

“हे सगळं तू बघितलंस?”

“तीन रविवार घालवलेत. पोटाखाली सरपटत गेलो, पाठ सोलून निघाली. बोटभर जागा सोडली नाही.”

“खोटं एकबी न्हाई?”

“एकही नाही! जाऊन बघा!”

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“एकतीस वर्षांत अशी तपासणी बघितली न्हाई, गड्या. आमच्या साहेबांनी तुला छातीशी धरला असता. चल.”

“कुठं?”

“पाना घे.”

“पाना कशाला? मास्तर, मी हे दुरुस्त करायला लिहिलेलं नाही. तिला काढून टाकायला लिहिलंय!”

“लिव्हलंस बेस. आता पाना घे.”

गुरूला नाही म्हणता येत नाही. रणधीरनं पाना घेतला, पण दात-ओठ खाऊन.

दुपार टळेपर्यंत दोघं म्हशीभोवती होते. पंखा बांधला. पायरी आवळली. पत्रा ठोकून त्याची धार घासली. धूर करून गांधीलमाश्या घालवल्या. त्यातली एक जाता जाता रणधीरच्या मानेला डसली. एकेक काम झालं की मास्तर कागद पुढं करत आणि रणधीरलाच त्या ओळीवर काट मारायला लावत.

आपल्याच हातानं आपला अर्ज खोडायची पाळी आली होती. मान सुजली होती ती वेगळीच. सतराव्या ओळीवर काट मारली तेव्हा त्याचा तोल गेला.

“हा अन्याय आहे, मास्तर! सरळ सांगा ना, तुमचं प्रेम आहे हिच्यावर. तुम्ही हिच्यातच राबलात, म्हणून हिला पाठीशी घालताय. माझ्या कष्टाचं तुम्ही पोतेरं केलंत!”

मास्तर म्हशीकडे वळले. तिला खालून वर न्याहाळलं.

“मला न्हाई आवडत ही.”

“…काय?”

“नाक बघ की तिचं. बटाट्यागत.”

रणधीरनं आधी त्या नाकाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

“पयल्या दिवसापासनं आवडली न्हाई,” मास्तर म्हणाले. “का ते इचारू नको. कारण न्हाई. माझी बदली हिच्यावर झाली तवा दोन दिवस जेवलो नव्हतो.”

“मग… हिच्यावर इतकी वर्षं काम कसं केलंत?”

“दोनदा बघायचो. आपल्या मनात खोट हाय म्हनल्यावर हातावर भरवसा न्हाई. म्हनून परत एकदा बघायचो. माझ्या हातनं गेलेली म्हैस कधी पडली न्हाई.”

ज्या माणसाशी भांडायला उभं राहावं तो आपल्याच बाजूचा निघाला की भांडण कुठं न्यावं?

“बाणाची यादी दाव आता.”

“बाणाची?” रणधीर हसला. “त्याची कसली यादी? त्याच्यात काय असणार?”

“बघितलंस?”

“दर रविवारी पुसतो मी त्याला. खोबरेल तेलाचा हात देतो. आरशासारखा झालाय.”

“पुसतोस. बघितलंस का?”

“मास्तर, उगाच संशय घेऊ नका. बाणाबद्दल मी नाही ऐकून घेणार.”

“बरं. चल, वर जाऊ.”

बाणाच्या बाजूला पोरांसाठी लोखंडी मचाण केलेलं होतं. पायऱ्या चढून वर गेलं की पायलटच्या बसायच्या जागेत डोकावता येई. त्या जागेवरचं जाड काचेचं झाकण मागच्या बिजागरीवर उघडून एका दांडीवर टेकवलेलं होतं. उद्या चारशे पोरं याच मचाणावर रांग लावणार होती.

मास्तर हळूहळू चढले. दर पायरीला थांबत होते. वयाची पंचाहत्तरी त्यांनी गेल्या वर्षी ओलांडली होती.

“पिशवी खाली ठेव,” ते म्हणाले. “डोकं घाल आत.”

“कशाला?”

“उद्या पोरं घालतील तसं. मान काठावर टेकव. हां. काय दिसतंय?”

“सगळं दिसतंय!” रणधीरचा आवाज आतून आला. एवढ्या रागातही तो सुखावला होता. “काटे, कळा, दांडा… काय बनवलंय मास्तर! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडलो होतो.”

“दोष हाय काही?”

“नाही.”

“परत सांग.”

“नाही! एकही नाही!”

मास्तरांनी झाकणाखाली खांदा दिला. मग एका बोटानं दांडीला टिचकी मारली.

दांडी निसटली आणि खणखणत आत, रणधीरच्या कानापाशी पडली.

…

“आता वर बघ,” मास्तर म्हणाले. “मान हलवू नको. डोळं तेवढं वळव.”

रणधीरनं डोळे वळवले. झाकणाची जाड कड त्याच्या मानेच्या वर वीतभर अंतरावर होती. तिच्याखाली मास्तरांचा खांदा होता आणि दोन्ही हात.

“मास्तर…”

“दांडीच्या बुडाला भोक हाय. दिसतंय?”

“हो.”

“त्यात काय पाहिजे?”

…

रणधीरला उत्तर ठाऊक होतं.

“बोल लवकर. हात भरून आलं माझं.”

“पिन.”

“कुठं हाय?”

रणधीरनं मान तशीच ठेवून मागं हात नेला. चाचपडत पिशवी सापडली, पिशवीची साखळी सापडली, लाल फीत हाताला लागली. साखळीतून पिन सोडवायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. वर म्हाताऱ्याचा श्वास फुलत चालला होता आणि याची बोटं ऐकत नव्हती.

एका हातानं दांडी उभी केली, दुसऱ्या हातानं पिन भोकात घातली. कट्‌ असा आवाज झाला.

मास्तरांनी खांदा काढला. झाकण जागच्या जागी राहिलं. त्याच्या कोपऱ्यात लाल फीत वाऱ्यानं हलू लागली, तिच्या हक्काच्या जागी.

रणधीरनं डोकं बाहेर काढलं आणि तो मचाणावरच बसला. त्याला पोरं दिसत होती. एकामागून एक डोकं आत घालणारी, पाय उचलून डोकावणारी, मागच्याचा धक्का लागणारी. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मास्तरांकडे बघवेना.

“मी चोर नाही, मास्तर,” तो पुटपुटला. “जीव आहे माझा याच्यावर. म्हणून घेतली.”

“ठाऊक हाय.”

“सकाळी फीत बघितलीत तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?”

“व्हय.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? ओरडायचं होतं! कानाखाली द्यायची होती!”

मास्तर खांदा चोळत होते.

“तवा तू म्हशीवर रागावला होतास. तुला ऐकू आलं नसतं.”

मैदानावर म्हशीची सावली लांबवर पसरली होती. तिचा बांधलेला पंखा हलत नव्हता. पायरी डुगडुगत नव्हती.

“मास्तर… तुमचं कुठलं आवडतं होतं?”

“होतं एक.”

“त्याला किती वेळा बघायचात?”

…

“एकदाच बघितलं त्या दिवशी,” मास्तर म्हणाले. “उडवणारा साहेब पंचवीस वर्षांचा होता.”

शिपायानं शाळेचं फाटक अर्धं लावलं आणि यांना बघून तो तसाच उभा राहिला.

रणधीरनं खिशातून तो अर्ज काढला. सतरा ओळी, सतराही खोडलेल्या. तो फाडायला त्यानं हात उचलला तसा मास्तरांनी त्याचा हात धरला.

त्यांनी कागद घेतला आणि उलटा केला. पाठची बाजू कोरी होती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून कागदासकट रणधीरच्या मांडीवर ठेवली, आणि कठड्याला धरून ते पायऱ्या उतरू लागले.

“मास्तर, काय लिहू?”

मास्तर तिसऱ्या पायरीवर थांबले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

“उजेड हाय अजून तासभर. म्हशीवरचा राग उरला असंल, तर तेवढा आता बाणावर काढ.”