पोरगेला वैद्य

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य होता. हेरंब त्याचं नाव. वय चाळिशीला टेकलेलं, पण चेहरा असा की मिसरूड फुटायला अजून अवकाश असावा. अंगकाठी किडकिडीत, आवाज कोवळा. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याला हमखास मुलांच्या रांगेत बसवत. थोरली लेक सोबत असली की लोक कौतुकाने विचारत, "ताई का रे तुझी?"

विद्येत मात्र तो पक्का होता. गुरूंनी एकदा त्याला शेजारच्या गावी एका व्यापाऱ्याकडे पाठवलं. व्यापाऱ्याची मुलगी तापाने फणफणली होती. दारातच व्यापाऱ्याच्या आईने त्याला अडवलं.

"वैद्यबुवा मागून येतायत ना?"

"मीच वैद्य, आजी."

"तू?" आजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. काढ्यात काय घालणार? तेच का? याआधी कुणाला दिलास, गुण आला का? पोरीच्या पोटात काल काय काय गेलंय, ते तरी विचारलंस का?

हेरंब घामाघूम झाला. पण शेवटच्या प्रश्नाशी तो थबकला, बारकाईने चौकशी केली आणि काढ्यातलं एक मूळ बदललं. संध्याकाळी ताप उतरला. निघताना आजींनी त्याच्या हातावर लाडू ठेवले. "घे बाळा, वाटेत खा. आणि गुरुजींना आमचा नमस्कार सांग हो."

हेरंब तणतणतच परतला. "गुरुजी, मुलगी बरी केली मी, आणि नमस्कार तुम्हाला! माझ्या हातावर लाडू! जन्मभर मी बाळच राहणार का?"

गुरू हसले नाहीत. म्हणाले, "म्हातारं दिसायचंय तुला?"

"हो!"

"मग बस असा."

आणि गुरूंनी स्वतःच्या हातांनी राख कालवून त्याच्या केसांना, भुवयांना लावली. तागाचे पांढरे धागे विंचरून त्यांची लांब दाढी केली आणि त्याच्या हनुवटीला चिकटवली. आपली शाल त्याच्या खांद्यावर घातली. "डोंगरापलीकडच्या पाटलांचं बोलावणं आलंय. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. तू वैद्य, मी तुझा गडी." असं म्हणून त्यांनी डोक्यावर घोंगडी ओढली आणि औषधांचं गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं.

औषधात गुंजभर भेसळ सहन न करणारे गुरू आज शिष्याला खोटी दाढी लावत होते. हेरंबला याचं नवल वाटलं खरं, पण विचारायला त्याचं मन जागेवर होतं कुठे? ते केव्हाच डोंगर ओलांडून पुढे धावत सुटलं होतं!

आणि काय तो मान! वेशीवर माणसं वाट पाहत उभी. पाटील स्वतः सामोरे आले. पाय धुवायला पाणी, बसायला चंदनी पाट. वाटेतली पोरंसोरं वाकून नमस्कार करत होती. हेरंबची छाती भरून आली. त्याने घसा खाकरला तरी ओसरी गप्प होत होती!

पाटलांची सून दुखणाईत होती. पोटात कळा, अन्नावर वासना नाही, सकाळ झाली की उलट्या. हेरंबने नाडीवर बोटं टेकली न टेकली तोच उचलली. "पोटात मळ साचलाय," तो भारदस्त आवाजात म्हणाला. "जोरकस रेचक देतो. एकदा पोट साफ झालं की पोरगी उद्या चालायला लागेल."

"देवासारखे धावून आलात," पाटलीणबाई हात जोडून म्हणाल्या. का, कसं, कशासाठी, कुणी विचारलं नाही. हेरंबला तर वाटलं, आपण मुळी चुकूच शकत नाही!

सुनेने वाटी ओठांशी नेली. तिचा दुसरा हात नकळत पोटावर गेला. तेवढ्यात उंबऱ्याशी बसलेला गडी झेपावला आणि त्याने ती वाटी हाताने उडवून दिली. औषध भिंतीवर सांडलं.

"अरे, वेड लागलं का तुला?" पाटील गरजले.

गडी सुनेसमोर बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "पोरी, दिवस गेलेत का तुला?"

तिने मान खाली घातली आणि हळूच होकार दिला. पाटलीणबाईंचा हात तोंडावर गेला. त्या रेचकाने काय झालं असतं, हे हेरंबइतकं तिथे दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढे मोठे वैद्य. तुम्हाला कळलंच असेल, असं वाटलं."

"आता याच्या हातचं औषध घ्या," म्हणत हेरंब बाजूला सरकला. गुरूंनी गाठोडं सोडलं, सौम्य औषध उगाळून दिलं, पडून राहायला सांगितलं. दिवस कलता कलता कळा थांबल्या. परतीच्या वाटेवर ओढा लागला. तिथे हेरंब मटकन बसला. दाढी त्याने केव्हाच ओरबाडून काढली होती.

गुरू त्याच्या शेजारी टेकले. "हेरंबा, माझे केस पिकले तेव्हापासून मला कुणी 'का?' विचारत नाही. मी चुकलो तरी लोक हात जोडून ती चूक पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक वाटी देण्याआधी माझा मलाच प्रश्न विचारावा लागतो, आणि माणूस स्वतःच्या बाबतीत फार सैल परीक्षक असतो रे. तुला मात्र दारातली प्रत्येक आजी तपासून घेते. तुझ्यापुढे सुना मोकळेपणाने बोलतात. तुझ्या चेहऱ्याने तुला एवढे पहारेकरी दिलेत, आणि तू त्यांनाच हाकलायला निघालास."

हेरंब ओढ्यावर वाकला. ओंजळी भरभरून त्याने डोकं धुतलं. राखेचं पाणी वाहून गेलं, तरी कितीतरी वेळ तो धुतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच डोंगर चढून पाटलांकडे गेला. पाटलीणबाईंनी दारातच अडवलं. "अगं बाई, हे पोर कुणाचं?"

"कालचा वैद्य मीच. आणि कालचा गडी म्हणजे माझे गुरुजी," तो म्हणाला. "दाढी खोटी होती. चूक मात्र खरी होती. सूनबाईंना बघायला आलोय, परवानगी असेल तर."

पाटलीणबाईंचा संताप अनावर झाला. त्यांनी त्याला नको नको ते सुनावलं, आणि त्याने ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. आतून सून म्हणाली, "सासूबाई, येऊ द्या त्यांना." बाईंनी वाट दिली, पण पाठ सोडली नाही. हे कशाला? ते का नको? सातव्या महिन्यात पुन्हा अशाच कळा आल्या तर?

हेरंब खाली जमिनीवर बसला. एकेका प्रश्नाला सावकाश उत्तर देत गेला. शेवटच्या प्रश्नाशी थांबून त्याने विचार केला.

"हे मला नक्की ठाऊक नाही, बाई," तो म्हणाला. "गुरुजींना विचारून उद्या सांगायला येतो."

पाटलीणबाई उठून आत गेल्या. त्यांनी कालचा चंदनी पाट आणला आणि त्याच्यासाठी मांडला.