पराभवाचा बोर्ड

पेठेचा फुटबॉल संघ फायनल एका गोलनं हरला आणि तालमीत वाद पेटला. कुणी पंचाला शिव्या घातल्या, कुणी ओल्या मैदानाला. अध्यक्ष आबासाहेबांनी निकाल दिला, "प्रतापमुळं हरलो. उद्यापासून दुसरा गोलकीपर."

प्रताप मुकाट्यानं पिशवी भरू लागला. तालमीचे फ्लेक्स बोर्ड छापणाऱ्या इलाहीला ते बघवेना.

"आबासाहेब, गेल्या साली जिंकलो, तवा तुमचा फोटो आठ फुटी छापला. प्रतापचा कोपऱ्यात, रुपयाएवढा. माप तुम्हीच दिलं होतं. आता हरल्याचाही बोर्ड छापतो. माप तेच ठेवू ना?"

आबासाहेब चपला घालून निघून गेले. प्रतापनं पिशवीतले ग्लोव्हज काढून पुन्हा खुंटीला अडकवले.