टोपलीतले कडे

एका राज्यात, चैत्रातल्या सप्तमीला, दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी, राजवैद्य पुंडरीक झोपेत चालत राजवाड्याच्या पूर्व दरवाज्यापाशी आला, आणि वर्षभर कुरकुरणारी बिजागरी त्याने मिटल्या डोळ्यांनी नीट केली. दरवाजा पुन्हा कुरकुरला नाही. त्याच सकाळी त्याच्या हातून एक रोगी दगावला होता.

हे पाहिले एकटीने, त्याच्या मुलीने, कुमुदेने. कारण त्या वेळी बाकी सारे राज्य झोपेत होते.

त्या राज्याचा कायदा असा. सोळावे लागले की मांत्रिक कालंभट टोपलीतून तांब्याचे एक कडे काढी आणि मनगटात चढवी. कड्यावर जो धंदा कोरलेला, तो जन्मभराचा. कडे निघत नसे. ग्रहच कडे निवडतात, असे कालंभट सांगे. हा कायदा झाला त्या दिवसापासून राज्याला शाप लागला. दुपारचे जेवण झाले की सर्वांवर झोप उतरे आणि झोपेत प्रत्येकाचे हात भलतेच काम करू लागत. जागे झाल्यावर कोणाला काही आठवत नसे. कोणी विचारतही नसे.

दशमीला कुमुदेला सोळावे लागणार होते. वैद्याच्या घरी वैद्याचेच कडे येते, हे तिला ठाऊक होते. वैद्यशाळेच्या मागचा उतारही ठाऊक होता. दगावलेल्या प्रत्येक रोग्यामागे पुंडरीक तिथे एक दगड ठेवी.

कालंभटाची एक साळुंकी होती. तिचा पंख मोडलेला होता. तिने कुमुदेला सांगितले होते, “आपले कडे आपल्या हाताने उचलणारा कोणी निघाला, की शाप सुटेल. पण काय उचलायचे ते आधी कळायला हवे. पहिल्या दुपारी बापामागे जा. दुसऱ्या दुपारी राजामागे. दाताखाली मिरी धर, झोप येणार नाही.”

“आणि तिसऱ्या?”

“स्वतःमागे.”

“ते कसे जमावे?”

“तू झोप. मी बघते.”

सप्तमीच्या संध्याकाळी ती बापाला म्हणाली, “आबा, ती बिजागरी तुम्ही बसवलीत.”

पुंडरीक हसला. “मी? अगं, मला खुंटी ठोकता येत नाही. माझ्या हातून फक्त...” तो उताराकडे पाहत राहिला.

अष्टमीला ती राजामागे गेली. राजा झोपेत पागेत शिरला आणि घोड्यांना खरारा करू लागला. घोडे त्याच्या खांद्यावर माना टाकून उभे राहिले. तिकडे रिकाम्या दरबारात भाजीवाली गोदूबाई झोपेतच खांबांना दटावत होती, “तू गप्प बस. आधी याचे ऐकू दे. अर्धे वावर तुझे, अर्धे त्याचे, आणि विहीर दोघांची.” निवाडा चोख होता.

नवमीला कुमुदा झोपली. स्वप्नात तिला पांढरे पाणी दिसले आणि पाण्यावर चालणारी झाडे. जागी झाली तेव्हा तिच्या हातांना अडुळशाचा वास होता, आणि साळुंकीचा पंख तिच्या पदराच्या चिंधीने सरळ बांधलेला होता.

“हे मी केले?”

“तूच. हाड बसवताना मला कळलेसुद्धा नाही.”

कुमुदा रडू लागली. “म्हणजे वैद्यच! मला तो दगडांचा उतार नको गं.”

“उतार हातांनी केलेला नाही, पोरी. टोपलीने केला आहे.”

दशमीला दरबार भरला. कालंभटाने डोळे मिटले, टोपलीत हात घातला, कडे काढले आणि वाचले, “वैद्य. ग्रहांची आज्ञा!”

“खोटे!” साळुंकी ओरडली. “तो हाताला लागेल ते काढतो. मी हे बोलले म्हणून त्याने माझा पंख मोडला. तो हिने जोडला.” आणि ती खांबावरून उडून सिंहासनावर जाऊन बसली.

कालंभट हसला. “मग माझे चुकले कुठे? मुलगी वैद्य, कडेही वैद्याचे. आण हात.”

“आंधळ्याचा दगड एकदा लागला, म्हणून तो नेमबाज होत नाही,” कुमुदा म्हणाली. “कडे टोपलीत परत टाका.”

“आणि न टाकले तर?”

“टाक,” राजा म्हणाला. तो केव्हापासून आपले तळवे हुंगत होता. त्यांना घोड्याचा वास येत होता.

कालंभटाने कडे टोपलीत टाकले. कुमुदेने टोपली जमिनीवर उपडी केली. शेकडो कडी होती. तिने उघड्या डोळ्यांनी एकेक वाचले. सुतार, लेखक, माळी, शिपाई. शेवटी तिने वैद्याचे उचलले आणि स्वतःच मनगटात चढवले. मग काढून पाहिले. ते निघाले.

त्याच क्षणी साऱ्या राज्यातली कडी मनगटांवरून गळून पडली. नगरभर देवळांच्या घंटांसारखा नाद घुमला आणि बराच वेळ विरला नाही.

त्या दुपारी कोणी झोपले नाही. राजा पागेत गेला तो तिथेच राहिला. सिंहासनावर गोदूबाई बसली, आणि पहिल्या दिवशीच तिने दोन सरदारांना गप्प केले. पुंडरीक लोहाराचा भाता चालवू लागला. कुमुदेने वैद्यशाळेचे दार उघडले. त्या दाराच्या बिजागऱ्या तिच्या बापाने घडवल्या होत्या.

मग एका सकाळी पुंडरीक गोदूबाईसमोर उभा राहिला. उतारावरच्या एकशे बारा दगडांमागच्या रोग्यांची नावे त्याने न अडखळता सांगितली आणि म्हणाला, “माझे हात होते, बाईसाहेब. मी कबूल करतो.”

गोदूबाईने दरबारात उभ्या असलेल्या कालंभटाकडे पाहिले. “आणि तू? टोपलीतला हात कोणाचा होता?”

कालंभट अजून उभाच आहे.