घाटमाथ्यावरची पायरी

“...पण बुवा, फुकट कोण काय देतं हो आजकाल?”

सोनगीरबुवा अंगाऱ्याच्या वाटीतले खडे निवडत होते.

घाटमाथ्यावरच्या या मठात नवी गाडी घेणारा प्रत्येकजण थांबतो. चाकाखाली लिंबू ठेवतो, बॉनेटला अंगारा लावून घेतो आणि मगच घाट उतरतो. ऋजुताची छोटी एसयूव्ही काही नवी नव्हती. तरी ती आली होती.

पायऱ्या चढताना आतूनच बुवांचा आवाज आला होता, “खांबाजवळची पायरी हलते.” ती केवढी दचकली होती. मग साडी सावरून तिने ती पायरी ओलांडली आणि वर आली.

“कंपनीचा निरोप आलाय,” ती म्हणाली. “ब्रेकमधल्या एका भागातून तेल गळू शकतं. गाडी आणून द्या, मोफत बदलून देतो. एकदा नाही, दोनदा आलाय.”

“मग?”

“मग काय! गाडी एकदा त्यांच्या ताब्यात गेली की आत काय काढतात, काय घालतात, आपल्याला दिसतं का? मागच्या सर्व्हिसला तेल बदलायला गेले, तर एसी धुऊन घ्या म्हणाले, चाकांची अदलाबदल करून घ्या म्हणाले. मला तर वाटतं, हा गिऱ्हाईक आत ओढायचा नवा डाव आहे.”

“ब्रेक कसा लागतो?”

ऋजुताने ओठ आवळले.

“लागतो... कधीकधी पाय जरा जास्त खाली जातो. माझा भासही असेल.”

बुवांनी एक खडा दाराबाहेर टाकला.

“उद्या शमाला आणायचंय,” तिचा आवाज बारीक झाला. “धाकटी बहीण. आठवा लागलाय. डोहाळजेवणाला माहेरी यायचंय तिला, आणि सासर घाटाखाली. तुम्ही अंगारा दिलात की मी निर्धास्त.”

“गाडी लिटरला किती जाते?”

हा कसला प्रश्न? तिने बुवांकडे निरखून पाहिलं. यांचा कुणी भाचा-पुतण्या गॅरेजवाला तर नाही?

“बावीस म्हणाले होते. माझ्या हातात पंधराच्या वर जात नाही.”

“बावीस कोण म्हणालं?”

“कंपनीच. शोरूममध्ये एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलं होतं.”

“तेव्हा विचारलंस, का म्हणून सांगताय?”

“नाही...”

“काय केलंस?”

“पेढे वाटले.”

बुवा हसले नाहीत. वाटी खाली ठेवून त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं.

“वर येताना ती पायरी ओलांडलीस.”

“हो.”

“पाय ठेवून पाहिलास, हलते का?”

“नाही.”

“का?”

“तुम्हीच म्हणालात ना, हलते म्हणून.”

“मी म्हणालो... आणि तू मानलंस? तू? मी दिलेला चहासुद्धा तू वास घेऊन प्यायलीस.”

ऋजुता ओशाळली.

“अहो बुवा, पायरी तुमच्या मठाची. स्वतःचीच पायरी हलते असं कुणी उगीच कशाला सांगेल...”

...

खाली वळणावर एक ट्रक हॉर्न देत गेला. तिची गाडी पिंपळाच्या सावलीत उभी होती. आरशाला लिंबू-मिरची, मागच्या काचेला काळी बाहुली.

हातातला फोन थरथरला आणि ती पुन्हा दचकली. शमा होती.

“ताई, उद्या किती वाजता निघतेस? अंगारा घेतलास ना?”

“उद्या नाही गं येत.”

“म्हणजे?”

“आधी गाडी दाखवून आणते. ब्रेकमध्ये दोष आहे असं कंपनी स्वतःच सांगतेय.”

“तू? त्या लबाडांकडे जाणार?” शमाला हसू आवरेना. “बरी आहेस ना? डोहाळे मला लागलेत की तुला?”

“ठेव फोन.”

तिने पदर खोचला, उठली, दोन पावलं गेली आणि परत वळली.

“पण बुवा, तिथला माणूस आणखी काहीतरी गळ्यात मारणारच.”

“मारेल ना.”

“मग?”

“मग तिथे संशय घे. सगळा त्या निरोपावरच खर्चलास तर तिथे काय वापरशील?”

तिने हात पुढे केला.

“अंगारा तरी...”

बुवांनी वाटीवर झाकण ठेवलं.

“उतरताना जपून. ती पायरी अजून हलते.”