चिंचूचं घर कावेरीच्या मुठीत

एक होता समुद्र. समुद्राला होता किनारा. किनाऱ्यावर होता एक खेकडा. शंखात राहणारा. चिंचोक्याएवढा. म्हणून त्याचं नाव चिंचू.

चिंचू मोठा होत होता. घर लहान होत होतं. एक दिवस त्याला दिसला दुसरा शंख. पांढरा, चकचकीत.

"घालून बघू या," चिंचू म्हणाला.

नवं घर घालून बघायचं, तर जुनं घर सोडावं लागतं. शंखातल्या खेकड्यांची हीच रीत. चिंचू जुन्या घरातून बाहेर आला. सुळ्ळकन! नव्या घरात शिरायला गेला. अडकला. दार अगदी अरुंद.

"नको बाबा हे," म्हणाला आणि मागे वळला.

मागे घर नव्हतं!

त्या दिवशी लांब खोल पाण्यात एक मोठी बोट थांबली होती. होडीतून माणसं उतरली होती. मुलं उतरली होती. त्यात होती कावेरी, साडेतीन वर्षांची. आईने सगळं ठरवलं होतं. आधी किनारा, मग सावली, मग शहाळं, मग होडी. बोटीचे तीन भोंगे वाजले की होडी सुटणार. पण ऊन काही आईने ठरवलेलं नव्हतं. कावेरीचे गाल लाल. कावेरीचं तोंड वाकडं. आणि कावेरीच्या मुठीत चिंचूचं घर.

घर नाही म्हणजे पाठ उघडी. पोट उघडं. आणि उघड्या खेकड्याला कावळा खातो. खरं आहे ते, लपवायचं कशाला?

चिंचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले चटचट. गेला कावेरीकडे.

"कावेरीताई, कावेरीताई, माझं घर दे.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

कावेरी म्हणाली, "नाही देत! शहाळं मिळाल्याशिवाय मूठ नाही उघडत!"

चिंचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले चटचट. गेला शहाळेवाल्या बाबलकाकांकडे.

"बाबलकाका, बाबलकाका, शहाळं फोडा.
कावेरी मूठ उघडेना,
आणि माझं घर मिळेना.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

बाबलकाकांनी घाम पुसला. म्हणाले, "अरे पोरा, बोटीवरच्या पोरांका सकाळपासून शंभर शहाळी दिलंय. कोयतो बोथट झालो. कोयतो कापल्याशिवाय मी शहाळा फोडूचंय नाय."

चिंचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले चटचट. गेला कोयत्याकडे.

"कोयतेराव, कोयतेराव, कापा ना.
काका शहाळं फोडेना,
कावेरी मूठ उघडेना,
आणि माझं घर मिळेना.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

कोयता म्हणाला, "नाही कापत! दगडाने धार लावल्याशिवाय मी नाही कापत!"

भोंऽऽऽ! बोटीचा एक भोंगा वाजला.

चिंचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले चटचट. गेला दगडाकडे. भरतीचं पाणी येतं तिथे मोठा काळा दगड. काका रोज त्याच्यावरच धार लावायचे.

"दगडोबा, दगडोबा, धार लावा.
कोयता काही कापेना,
काका शहाळं फोडेना,
कावेरी मूठ उघडेना,
आणि माझं घर मिळेना.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

दगड म्हणाला, "नाही लावत! मी आहे कोरडा ठणठणीत. लाटेने भिजवल्याशिवाय मी धार नाही लावत!"

चिंचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले चटचट. गेला लाटेकडे. लाट गेली होती लांब, लांब.

"लाटमावशी, लाटमावशी, दगड भिजव.
दगड धार लावेना,
कोयता काही कापेना,
काका शहाळं फोडेना,
कावेरी मूठ उघडेना,
आणि माझं घर मिळेना.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

लाट म्हणाली, "नाही भिजवत! वाऱ्याने ढकलल्याशिवाय मी नाही येत!"

चिंचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले चटचट. गेला माडाखाली. वारा माडाच्या शेंड्यात झोपला होता. झावळी हलत नव्हती.

"वारेदादा, वारेदादा, लाट ढकल.
लाट दगड भिजवेना,
दगड धार लावेना,
कोयता काही कापेना,
काका शहाळं फोडेना,
कावेरी मूठ उघडेना,
आणि माझं घर मिळेना.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

वाऱ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "नाही ढकलत! सूर्य कलल्याशिवाय मी नाही उठत!"

भोंऽऽऽ! दुसरा भोंगा वाजला.

आता जायचं तरी कुठे? सूर्य तर थेट डोक्यावर. चिंचूने मान वर केली. डोळे दिपले. तरी तो बोलला.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, थोडं कला.
वारा लाट ढकलेना,
लाट दगड भिजवेना,
दगड धार लावेना,
कोयता काही कापेना,
काका शहाळं फोडेना,
कावेरी मूठ उघडेना,
आणि माझं घर मिळेना.
पाठ भाजते, पोट भाजतं, ऊन मला लागतं."

सूर्य नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

"बाळा, मी कुणासाठी घाई करत नाही. माझी वेळ झाली की मी कलतो. तोवर थांबशील?"

"थांबेन."

"पाठ भाजेल."

"भाजू दे. घर माझं आहे."

मग चिंचू थांबला. हलला नाही. रडलाही नाही. एक कावळा आला. काव! एक उडी जवळ. काव! आणखी एक उडी जवळ. चिंचूने इवल्या नांग्या वर धरल्या. खूप भीती वाटत होती. तरी वर धरल्या.

आणि सूर्य कलला. एवढासाच. माडाची सावली सरकली आणि चिंचूवर आली.

वारा उठला. सूंऽऽऽ! कावळा उडाला.
वाऱ्याने लाट ढकलली. सळ्ळ!
लाटेने दगड भिजवला. फस्स!
दगडाने धार लावली. चर्रर्र चर्रर्र!
कोयता कापायला लागला. खट् खट्!
काकांनी शहाळं फोडलं.
"घे गो बाय माझे," म्हणाले. कावेरी शहाळं प्यायली. गट् गट् गट्!

मग कावेरीने मूठ उघडली?

नाही उघडली.

"हा माझा शंख," ती म्हणाली. "मी बोटीवर नेणार."

चिंचू आता कुणाकडे जाणार? सूर्याने ऐकलं. वाऱ्याने ऐकलं. लाटेने, दगडाने, कोयत्याने, काकांनी ऐकलं. आता कुणीच उरलं नव्हतं. एकटी कावेरी उरली होती.

चिंचू तिच्या पायाशी गेला. हळूहळू गेला. आता त्याच्याने तुरुतुरु चालवत नव्हतं. नुसता वळला, आणि त्याने आपली पाठ दाखवली.

कावेरी खाली बसली. तिने पाहिलं. लाल लाल पाठ. मऊ मऊ पोट.

"भाजलं तुला?"

"हो."

"तू घरात का नाही जात?"

"घर तुझ्या मुठीत आहे, ताई."

कावेरीने मुठीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आई होडीजवळून हाक मारत होती, "कावेरी, चल गं! होडी सुटेल!" पण कावेरी उठली नाही.

तिने एक बोट उघडलं.
दुसरं बोट उघडलं.
तिसरं उघडलं. चौथं उघडलं.
अंगठा उघडायला जरा वेळ लागला. मग तोही उघडला.

तिने शंख वाळूवर ठेवला. दार चिंचूकडे केलं. आणि शहाळ्यातलं उरलेलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. थेंब थेंब थेंब.

"चुकलं माझं," कावेरी म्हणाली. "जा तुझ्या घरी."

भोंऽऽऽ! तिसरा भोंगा वाजला. आईने कावेरीला कडेवर उचललं आणि होडीत बसवलं.

चिंचू उलटा वळला. आधी पोट आत गेलं. मग पाठ आत गेली. मग पाय. घर थोडं घट्टच होत होतं, पण ते त्याचं होतं. शेवटी त्याने नांगी दाराशी ओढून घेतली. दार बंद.

आत अंधार. आत गार.

बोट गेली बोटीच्या वाटेने. लाट गेली लाटेच्या वाटेने. ज्याचं होतं त्याला मिळालं, आणि चिंचू आपल्या घरात गाढ निजला.