रिकाम्या कॅरिअरचे वजन

"मग गाडी पडली कशामुळे, वस्ताद?"

हेमंत बांबळे याने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आधीच्या दोन्ही वेळी त्याला उत्तर मिळाले नव्हते.

वस्ताद नारायण पोपळघट आपल्या दुकानासमोर एका ओंडक्यावर बसले होते. घाटात चढणाऱ्या जीपगाड्यांच्या टपासाठी सामानाचे कॅरिअर तयार करणे आणि ते बसवून देणे, हे त्यांचे चाळीस वर्षांचे काम. हेमंत त्यांच्या हाताखाली दोन वर्षे शिकला होता. त्यानंतरची तीन वर्षे तो या रस्त्याने गेला असेल, पण दुकानापाशी थांबला नव्हता.

आज तो भाड्याच्या टेम्पोतून एक कॅरिअर घेऊन आला होता. ते त्याने स्वतः बनवलेले होते आणि स्वतःच्या फोर-बाय-फोर जीपवर बसवलेले होते.

आता ते दोघांच्या मध्ये, मातीवर, ठेवलेले होते.

"तुम्ही बघा तरी. एक जोड उसवलेला नाही. टपाच्या पन्हळीला धरणारे सहाच्या सहा पाय शाबूत आहेत. गाडी कुशीवर पडली, दगडावर आपटली, टप चेपला... पण हे वाकलं नाही."

"दिसतंय."

"बसवताना पायांखाली रबर घातलं होतं. पन्नास किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे नट पुन्हा आवळले. तुमच्याकडे जसं शिकलो, अगदी तसं."

"हं."

"मग?"

वस्तादांनी कॅरिअरच्या डाव्या दांड्याकडे पाहिले. तेथे रंग खरवडला गेला होता. त्यांनी हात पुढे केला, पण दांड्याला लावला नाही.

"लहू कुठे बसला होता?"

"दाजी ना? माझ्या शेजारी, डाव्या बाजूला."

लहू हा हेमंतच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गिर्यारोहणाला येणाऱ्या मंडळींचे तंबू वर पोहोचवायचे, ते उभारायचे, त्यांचा स्वयंपाक करायचा, असा व्यवसाय दोघे मेव्हणे मिळून करत होते.

"हात?"

"डावा. कोपरापासून काढावा लागला... तुम्ही ऐकलंच असेल."

"ऐकलं होतं. हात बाहेर कशाला होता?"

"त्यांची सवय. खिडकीतून हात वर काढून कॅरिअरचा दांडा धरून बसायचे. म्हणायचे, सामान सरकायला लागलं की डोळ्याआधी हाताला कळतं."

वस्तादांनी मान हलवली. कशाला, ते समजले नाही.

"दाजी मला काही बोलत नाहीत," हेमंत म्हणाला. "उलट मीच जेवलो नाही तर रागावतात. अक्काही भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं... परवा ती त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, गाडी का पडली ते तुझ्या वस्तादांना विचारून ये. मी हो म्हणून बसलो. आज घरी गेल्यावर तिला सांगायचंय."

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"रस्ता."

"रस्ता काय?"

"दरीकडची कड खचलेली आहे. तिथं गाडी डावीकडे कलती करूनच काढावी लागते. पण ती जागा मी पन्नास वेळा ओलांडली असेल, वस्ताद. पन्नास वेळा!"

"टपावर सामान घेऊन?"

"टपावर नाही. आत जागा असायची. या खेपेला मंडळी जास्त होती. ती चालत मागून येणार होती, पण त्यांच्या पिशव्यांनी गाडी आतून भरली. म्हणून तंबू वर टाकले."

"किती?"

हेमंत या प्रश्नाची वाटच पाहत असावा. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सत्तर किलो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय, टपावर पंच्याहत्तर किलोपेक्षा जास्त भार नको. मी पाच किलो कमीच ठेवलं. प्रत्येक नग तोलून, लिहून, मग वर चढवला. हा बघा कागद."

वस्तादांनी तो कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. तंबू. दोर. पातेली. शेगडी. प्रत्येक नावापुढे आकडा होता, अक्षर स्वच्छ होते, आणि बेरीज बरोबर होती.

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला.

"टपावर जे होतं, ते सगळं आहे यात?"

"सगळं."

"नीट आठव."

हेमंतला ते लागले.

"वस्ताद, रागावू नका. पण हाताने अंदाज घेऊन 'चालेल' म्हणणाऱ्यांतला मी नाही. दोराचं बंडलसुद्धा तोललंय मी."

वस्ताद उठले.

"धर एका बाजूने."

"कुठे न्यायचंय?"

"सिकंदरकडे."

सिकंदर हा शेजारचा भंगारवाला. त्याच्या दारापर्यंतचे अंतर वीस पावलांचे असेल. तेवढ्यात वस्ताद दोनदा थांबले. दुसऱ्यांदा ते थांबले तेव्हा हेमंतनेही हात बदलला.

"या, या वस्ताद!" सिकंदर डब्यांच्या ढिगाआडून ओरडला. "जन्मभर लोखंड जोडलंत, शेवटी आलात ना माझ्याच दारात? टाका मोडीत!"

"मोडीत नाही. तोलायचंय."

"तोलतो की. पण काटा मोडला तर नवा तुमच्याकडून घेणार, आधीच सांगतो."

दोघांनी कॅरिअर काट्याच्या फळीवर ठेवले. सिकंदरने वाकून आकडा पाहिला आणि शीळ घातली.

"एकसष्ट! अरे पोरा, हे गाडीवर बसवायचं होतं, का गाडी याच्यावर?"

कोणी हसले नाही.

सिकंदरने एकदा हेमंतकडे आणि एकदा खरवडलेल्या दांड्याकडे पाहिले. गाडी पडल्याची बातमी त्याच्याही कानावर आली असावी. तो हळूच मागे सरकला आणि डबे निवडू लागला. आता त्यांचा आवाज होऊ नये, अशी काळजी तो घेत होता.

"पुन्हा तोला, भाई," हेमंत म्हणाला.

"एकसष्टच भरतंय रे."

"पुन्हा बघा ना."

सिकंदर पुन्हा आला, पुन्हा वाकला आणि तोच आकडा बोटाने दाखवून परत गेला.

वस्तादांनी कानामागची पेन्सिल काढून हेमंतपुढे धरली.

"यादीत लिही."

हेमंतने पातेली, शेगडी या नावांच्या खाली लिहिले: कॅरिअर, एकसष्ट. त्याचे अक्षर या वेळीही स्वच्छ आले. मग त्याचे ओठ हलू लागले.

"पंच्याहत्तरातून एकसष्ट गेले..."

"किती राहिले?"

"चौदा."

...

"चौदा किलो," तो पुन्हा म्हणाला. "चौदा किलोत एक तंबूसुद्धा बसत नाही. माझा सर्वांत लहान तंबू सोळाचा आहे... आणि मी सत्तर ठेवले. म्हणजे एकशे एकतीस किलो डोक्यावर घेऊन मी त्या खचलेल्या कडेवर गाडी कलती केली."

वस्तादांनी पेन्सिल परत घेऊन कानामागे खोचली.

"ती सावकाश पडली, वस्ताद. आदळली नाही. इतकी सावकाश कलली, की मला वाटलं थांबेल. दाजींनी दांडा आणखी घट्ट धरला... त्यांना वाटलं सामान सरकतंय."

तो काट्याच्या कडेवर बसला.

"मी दोर तोलला. झारा तोलला. हे नाही तोललं. हेसुद्धा सामानच आहे, असं एकदाही मनात आलं नाही."

येथे एक गोष्ट सांगायला हवी. वस्तादांच्या दुकानात शिकण्याची वर्षे तीन असत. पहिली दोन वर्षे शिष्य लोखंड जोडायला शिके. तिसरे वर्ष निराळे होते. त्या वर्षी त्याने स्वतः बनवलेल्या कॅरिअरमधून पट्ट्या कापून काढायच्या. एक काढायची, भार ठेवून पाहायचे, मग दुसरी काढायची. कोठे थांबायचे, ते वस्ताद सांगत नसत. हेमंतच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वस्तादांनी याच कॅरिअरमधल्या चार पट्ट्यांवर खडूने खुणा केल्या होत्या. हेमंतने त्या खुणा बाहीने पुसल्या आणि तो निघून गेला. कॅरिअरही घेऊन गेला.

"त्या दिवशी मी काय बोललो होतो, ते आठवतं तुम्हाला?" हेमंतने विचारले.

"शब्दन् शब्द."

"म्हातारपणी स्वतःचे हात थरथरायला लागले, म्हणून वस्तादांना दुसऱ्याचं पक्कं काम बघवत नाही."

"आणि पुढे म्हणालास, लोखंड काढायला शिकायला मी काय भंगारवाला आहे?"

ढिगाआड एक डबा हातातून निसटला.

हेमंतने मान खाली घातली होती. ती त्याने एकाएकी वर केली.

"पण तुम्ही तरी... तुम्ही नुसतं 'काप' म्हणालात. का कापायच्या, ते म्हणाला नाहीत. 'जड झालंय' एवढा एकच शब्द मला ऐकू आला असता, तर..."

"खरं आहे."

"तुम्हाला माहीत होतं का?"

रस्त्याने एक ट्रक चढ चढत गेला. तो वळणाआड गेला.

"तू नेलंस त्या दिवशी ते गाडीवर चढवायला एक बाजू मीच धरली होती. आठवतं?"

"हो."

"हाताला कळलं होतं. साठाच्या वर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"राग आला होता."

"म्हणून?"

"म्हटलं, जाऊ दे. स्वतःला फार शहाणा समजतो. अद्दल घडली की येईल परत." वस्ताद थांबले. "अद्दल लहूला घडली."

हेमंत त्यांच्याकडे पाहत राहिला.

"तीन वर्षं गेली, हेमंता. दर पावसाळ्यानंतर वाटायचं, कोणाबरोबर तरी निरोप पाठवावा, की पट्ट्या कापून घे. तुझं गाव इथून तासाभरावर. रोज तुझ्या गावाची एक गाडी या दारावरून जायची. हात दाखवला असता तर थांबली असती... मी हात दाखवला नाही. मला तू यायला हवा होतास."

हेमंतच्या चेहऱ्यावर या वेळी काहीतरी सैल झाले. त्याला समाधान म्हणणे अन्यायाचे होईल. पण आल्यापासून प्रथमच तो पुरता श्वास घेत होता.

"म्हणजे... चूक तुमचीही आहे."

"आहे."

"तुम्ही एक शब्द बोलला असता, तर दाजींचा हात राहिला असता."

"राहिला असता."

"हे मी अक्काला सांगू?"

"सांग."

"तुमचं नाव घेऊन?"

"नाव घेऊन सांग. कुठे राहतो, तेही सांग. तिला यायचं असेल तर मी दिवसभर दुकानातच असतो."

हेमंत उठला. त्याने कपडे झटकले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला होता. कॅरिअर परत नेण्याविषयी तो काही बोलला नाही, आणि वस्तादांनीही विचारले नाही. त्याने वाकून नमस्कार केला. तीन वर्षांपूर्वी निघताना त्याने तो केला नव्हता.

दोन पावले गेल्यावर तो वळला.

"वस्ताद, एवढं सांगितलं की पुरे होईल ना? तिनं तुम्हालाच विचारायला सांगितलं होतं. उत्तर तुमचंच आहे. आधी तुमचं नाव सांगतो, मग वजनाचं सांगतो... एवढं पुरे होईल?"

वस्ताद त्याच्यापाशी गेले. मग ते म्हणाले,

"आधी माझंच नाव सांग. सांगून झालं की लगेच उठू नकोस; यादीत अजून एक नाव राहतं."